कोयनेलची पुडी आणि जोडीचे औषध

जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हिवताप समजावून सांगायला नको. दात कडाकडा वाजतात, चार गोधड्या घेतल्या तरी थंडी जात नाही; मग ताप, मग घाम. आणि ऐन निंदणीच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळतो.

औषध नव्हते असे नाही. सिंकोनाच्या सालीचे कोयनेल होते. 1892 पासून बंगालात त्याच्या एका पैशाच्या पुड्या टपालकचेरीत मिळू लागल्या, पुढे इतर प्रांतांतही. कार्ड घ्यायला जा आणि औषध घेऊन या! ही कल्पना मला आजही नामी वाटते. डॉक्टर पोचत नव्हता तिथे पुडी पोचली. पण जगातले बहुतेक कोयनेल यायचे जावा बेटावरून. 1942 साली जपानने जावा घेतले आणि पुरवठा आटला. दार्जिलिंगकडे व निलगिरीत आपले मळे होते, पण ते देशाला कुठले पुरणार?

युद्धानंतर क्लोरोक्वीन आले, डीडीटी आली. 1953 साली देशव्यापी मोहीम निघाली. 1965 च्या सुमारास रोगी लाखाच्या घरात उतरले. लोकांना वाटले, गेला हिवताप. 1976 साली रोगी झाले 64 लाख! त्याआधीच, 1973 साली, आसामात क्लोरोक्वीनला दाद न देणारे फाल्सिपेरम जंतू सापडले होते.

असे का होते, हे कापूसवाल्याला चटकन कळेल. एकच औषध फवारत राहिले की अळी निर्ढावते. कोट्यवधी जंतूंत एखादा चिवट निघतो. बाकीचे मेले की त्याचीच वीण वाढते. पण दोन निराळ्या औषधांना एकच जंतू पुरून उरणे फार दुर्मिळ. जोडीच्या औषधाची मेख ती हीच.

आपण देवाला दवणा वाहतो ना, त्याच्याच कुळातल्या एका झुडपातून चीनमधल्या तू यूयू बाईंनी 1972 साली आर्टेमिसिनिन काढले. त्यापासूनची औषधे जंतूंचा फडशा झपाट्याने पाडतात, पण काही तासांतच अंगातून उतरतात. उरलेसुरले जंतू टिपायला मागे रेंगाळणारा सोबती लागतो. 2001 साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा जोडीची शिफारस केली. आपल्याकडे 2010 च्या धोरणाने फाल्सिपेरमच्या प्रत्येक रोग्याला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन ही जोडी ठरली. व्हायव्हॅक्सचे मात्र निराळे: क्लोरोक्वीन तीन दिवस, प्रायमाक्वीन चौदा दिवस. म्हणून आधी रक्ताची तपासणी.

पण जावाची गोष्ट पुन्हा घडलीच. 2004-05 मध्ये सगळ्या देशांची मागणी एकदम आली. झुडूप लावण्यापासून गोळी होईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. तुटवडा पडला, कच्च्या मालाचा भाव कितीतरी पटींनी चढला.

आता दोन्ही औषधे एकाच पाकिटात येतात, वयाप्रमाणे रंग वेगळा. पंधरा वर्षांपुढच्यांना पांढरे. मात्रा तीन दिवसांची. पहिल्या दिवशी ताप उतरतो, गडी वावरात जातो आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडतात. गुरुजी, हे घर तुम्हांला ठाऊक असते, आशाताईंनाही. पाकिटे मात्र नाल्याला पूर येऊन वाट बंद होण्याआधी, मृगापूर्वीच, उपकेंद्रात येऊन पडलेली हवीत.