मुद्दाम पकडून दिलेलं यान

जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स' या १९७८च्या व्हिडिओ गेममध्ये रांगेतल्या शत्रूंचे गुण ठरलेले होते: १०, २०, ३०. नामको कंपनीच्या १९८१च्या 'गॅलागा'ने हा हिशेब बिघडवला. रांगेतल्या सेनापतीला टिपलं तर १५० गुण. तोच दोन साथीदारांसह अंगावर झेपावताना टिपला, तर १६००! मी आपला कायम दीडशेवाला.

पण खरी गंमत पुढेच. आपलं यान त्याच्या किरणांत मुद्दाम सापडू द्यायचं. मग यानासह झेपावणाऱ्या सेनापतीला मारलं, की ते सुटून दुसऱ्या यानाला जोडलं जातं. मारा दुप्पट, पण शत्रूला लक्ष्यही दुप्पट रुंद. घाईत आपल्याच कैद्याला गोळी लागली, तर तो गेलाच. आणि हातात एकच यान उरलं असताना हा डाव खेळलात, तर खेळ तिथंच खलास.