एकल माता आणि रेशन (महाराष्ट्र)

एकल माता आणि रेशन (महाराष्ट्र) : नवरा वारल्यामुळे, घटस्फोटामुळे, नवऱ्याने टाकल्यामुळे किंवा लग्नाविना मूल झाल्यामुळे जी स्त्री एकटीने मुले वाढवते आणि जिची कमाई तुटपुंजी आहे, तिला सरकारकडून मिळणारे धान्य व शिजवलेले अन्न, आणि ते पदरात पाडून घेण्याची रीत. महाराष्ट्रात या मदतीचा मुख्य आधार राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ हा आहे. राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंगणवाडीतील पूरक आहार, शाळेतले दुपारचे जेवण आणि शिवभोजन केंद्रे यांची त्याला जोड आहे. रेशनचे धान्य कुटुंबाच्या कार्डावर मिळते. त्यामुळे आपण आणि आपली मुले मिळून एक वेगळे कुटुंब आहोत, हे कागदावर मांडण्यातच या स्त्रियांची सर्वांत जास्त दमछाक होते.

कायद्याने लाभार्थी कुटुंबांचे दोन गट केले आहेत. प्राधान्य कुटुंबाला दर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते, तर अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असोत, कार्डामागे ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा मूळ दर होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते मोफत राहील, असे केंद्राने ठरवले. अंत्योदय कार्डावर महिन्याला किलोभर साखरही २० रुपयांत मिळते. आई आणि दोन मुले असे घर प्राधान्य गटात असेल तर त्याला १५ किलो मिळतात, अंत्योदयात असेल तर ३५. पहिल्या हिशेबात रोज माणशी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम धान्य येते. डाळ, तेल आणि गॅस यांची सोय या कायद्यात नाही. ती रोजंदारीतूनच करावी लागते. अंगमेहनत करणारी बाई आणि वाढत्या वयाची मुले यांचे पोट एवढ्यावर भरत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घराला महिन्याचे १५ किलो म्हणजे उधारी न करता काढलेले निम्मे-अधिक दिवस.

अंत्योदय कार्डावर एकट्या स्त्रियांचा हक्क जुना आहे. अंत्योदय अन्न योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तेव्हा कार्डामागे २५ किलो मिळत. २००२ पासून ३५ झाले. २००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका दाखल केली. तीत २ मे २००३ रोजी न्यायालयाने काही गटांना अंत्योदय कार्डे देण्याचा आदेश दिला. नियमित आधार नसलेल्या विधवा व इतर एकट्या स्त्रिया हा त्यांतला एक गट होता. ‘इतर’ या शब्दात टाकलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या, लग्न न झालेल्या अशा सगळ्या येतात. पुरवठा कार्यालयाच्या खिडकीत मात्र ‘विधवा असाल तर मृत्यूचा दाखला, नाहीतर घटस्फोटाचा हुकूमनामा’ एवढेच विचारले जाण्याचा अनुभव सर्रास येतो. राज्यात अंत्योदय कार्डांचा कोटा सुमारे २५ लाख कुटुंबांचा आहे. तो भरलेला असला की पात्र असूनही नवे नाव बसत नाही.

प्राधान्य गटातही तीच गत आहे. १७ डिसेंबर २०१३ च्या शासन निर्णयाने या गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये ठरवली. शहरात महिन्याला ही रक्कम ४,९१६ रुपये होते. चार घरची धुणीभांडी करून महिन्याला ५,००० मिळवणाऱ्या बाईचे वर्षाचे उत्पन्न ६०,००० भरते आणि ती हजार रुपयांनी बाहेर पडते. खोलीचे भाडे, मुलांचे औषधपाणी, शाळेचा खर्च, घरात दुसरे कमावते माणूस नसणे, यांतले काहीच या मोजणीत येत नाही. मर्यादेच्या आत असणाऱ्यांपुढे मग ‘इष्टांक’ उभा राहतो. केंद्राने राज्यासाठी सुमारे ७ कोटी लाभार्थी ठरवून दिले आहेत, ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. तो आकडा जिल्हा, तालुका, दुकान असा वाटला गेला आहे. तालुक्याचा इष्टांक पूर्ण असेल तर अर्जदाराच्या हाती केशरी कार्ड पडते, धान्य मात्र चालू होत नाही. वस्त्यांमधून ऐकू येणारे ‘कार्ड आहे, पण धान्य नाही’ हे वाक्य या स्थितीचे नेमके वर्णन आहे. कोणी वारले, कोणी गाव सोडले, कोणाचे नाव तपासणीत कमी झाले की जागा रिकामी होते. ती कोणाला द्यायची हे ठरवताना एकल मातेचा अर्ज वर घेतला गेला पाहिजे, आणि त्यासाठी तिच्या बाजूने बोलणारे कोणीतरी कार्यालयात उभे असावे लागते.

पिवळे, केशरी आणि पांढरे कार्ड ही तिरंगी पद्धत महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून आली. १५,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नाला पिवळे, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, त्याहून अधिक असेल तर पांढरे, अशी तिची मूळ आखणी. आज धान्य मिळणे-न मिळणे रंगापेक्षा कार्डावरच्या शिक्क्यावर आणि ऑनलाइन नोंदीवर अवलंबून असते. केशरी कार्डावर प्राधान्य गटाचा शिक्का असेल तर धान्य मिळते, नसेल तर नाही.

कुटुंबप्रमुख कोण : अधिनियमाच्या कलम १३ ने घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख ठरवली. ही तरतूद मोलाची आहे; कार्डाच्या पहिल्या पानावर बाईचा फोटो आला तो तिच्यामुळे. परंतु सासरच्या घरात सर्वांत मोठी स्त्री सासू असते. सून आणि नातवंडे तिच्या कार्डावरची ‘युनिटे’ असतात. कार्डाच्या आतल्या पानावर नाव, वय, नाते असे रकाने असतात, आणि सुनेची ओळख त्या नात्याच्या रकान्यात बसते. नवऱ्याने घराबाहेर काढले की सून जाते, नाव तिथेच राहते. तिच्या आणि मुलांच्या वाट्याचे धान्य सासरी उचलले जाते. तिला स्वतंत्र कार्ड हवे तर आधी जुन्या कार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला आणावा लागतो, कारण एक आधार क्रमांक दोन कार्डांवर चालत नाही आणि संगणक अर्ज पुढे सरकू देत नाही. नाव कमी करण्याचा अर्ज कार्ड ज्याच्या ताब्यात आहे त्याने करायचा असतो. ज्या घराने तिला बाहेर काढले त्याच घराच्या सहीवर तिचे धान्य अडते. सासरच्यांना युनिट गमवायचे नसते. काही वेळा पोटगीच्या दाव्यातली सौदेबाजी म्हणूनही सही रोखली जाते.

घटस्फोट झालेला असेल तर निदान हुकूमनामा दाखवता येतो. बहुसंख्य स्त्रियांकडे तोही नसतो. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित स्त्रिया सुमारे ९ लाख होत्या, तर घटस्फोटाविना नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या सुमारे २४ लाख. या दुसऱ्या गटातील बाईकडे आपण एकट्या आहोत हे सांगणारा एकही सरकारी कागद आपोआप येत नाही. मग तलाठी आणि ग्रामसेवकाचा दाखला, शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा, पोलीस ठाण्यातील तक्रारीची नक्कल, समुपदेशन केंद्राचे पत्र, पोटगीच्या दाव्याची प्रत असे कागद ती गोळा करते. कोणता कागद चालेल हे तालुक्या-तालुक्यात, कधी टेबला-टेबलावर बदलते. भाड्याने राहणाऱ्या बाईला घरमालक रहिवासाचा पुरावा द्यायला कचरतो.

माहेरी परतलेल्या स्त्रीला यातून सोपी वाट सुचवली जाते : वडिलांच्या किंवा भावाच्या कार्डावर नाव चढवा. असे केले की धान्य भावाच्या घरात येते, प्रमुख आई किंवा भावजय असते, आणि मुले पुन्हा दुसऱ्याच्या कार्डावरची युनिटे होतात. शिवाय उत्पन्न भावाचे धरले जाते, आणि ते मर्यादेबाहेर असेल तर सगळेच संपते. ‘चूल वेगळी आहे का’ हा पुरवठा निरीक्षकाच्या गृहभेटीतला जुना प्रश्न इथे तिच्या उपयोगी पडू शकतो. पत्र्याची आडभिंत घालून पलीकडे स्वतःची शेगडी मांडणाऱ्या बाईचे कुटुंब वेगळे मानले गेले पाहिजे. एक दार, एक घरपट्टी एवढ्यावरून तिला भावाच्या घरात मोजणे अन्यायाचे आहे.

हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणला तो टाकलेल्या स्त्रियांच्या संघटनांनी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगमनेरच्या समता आंदोलनाने आणि सांगली-सातारा भागात इंदुमती पाटणकर यांच्या पुढाकाराने स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांना एकत्र केले. स्वतंत्र रेशनकार्ड ही त्या लढ्यातली ठळक मागणी होती. ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे निशा शिवूरकर यांचे पुस्तक याच कामातून आले. कार्ड मागणाऱ्या त्या बायकांना धान्याबरोबर स्वतःच्या नावाचा एक सरकारी कागदही हवा होता, कारण त्यावर घरकुल, शाळाप्रवेश, कर्ज अशी पुढची कामे अडलेली असत. करोनाकाळात हीच गरज नव्याने समोर आली. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारातून करोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, आणि राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’अंतर्गत तालुका पातळीवर समित्या नेमून विधवा झालेल्या स्त्रियांना कार्डासह सर्व योजना एका ठिकाणी मिळवून देण्याचे ठरवले. बाईने टेबले फिरण्याऐवजी यंत्रणेने तिच्याकडे जायचे, ही यातली कल्पना टाकलेल्या स्त्रियांनाही तितकीच लागू करण्याजोगी आहे.

दुकानात : रास्त भाव दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही. भांडी घासून, ऊस तोडून, सिमेंट कालवून रेषा झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. मोठ्या घरात दुसरे कोणीतरी अंगठा देते; एकल मातेच्या कार्डावर तिच्याशिवाय असतात ती लहान मुले. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणजे तिचा आणखी एक रोज बुडतो. ठसा न जुळल्यास मोबाइलवरील ओटीपी किंवा बुबुळांची ओळख हे पर्याय आहेत, ते मागून घ्यावे लागतात. मशीनमधून निघणारी पावतीही मागून घ्यावी. किती किलो उचलल्याची नोंद झाली आणि पिशवीत किती पडले, याचा ताळा तिच्यावरूनच लागतो. ‘एक देश एक रेशनकार्ड’ व्यवस्थेत महाराष्ट्र २०१९ मध्येच आला, त्यामुळे कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येते. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा सासरचे गाव सोडून शहरात आलेल्या बाईला ही सोय फार कामाची आहे.

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळे. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी १५० रुपये, पुढे १७० रुपये महिना थेट खात्यात देणे सुरू झाले. शेतकऱ्याच्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नसेल, जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, तर इथेही तिची अडचण होते. शिवाय बाजारात १७० रुपयांत पाच किलो धान्य येत नाही.

मुलांसाठी : अंगणवाडी आणि शाळेतील अन्न मुलाच्या नावाने मिळते, त्याला रेशनकार्ड लागत नाही. म्हणून कार्ड अडलेल्या काळात हाच खरा आधार ठरतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा शिधा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम जेवण, पहिली ते आठवीपर्यंत शाळेत दुपारचे जेवण. शाळेत पहिली ते पाचवीसाठी रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य धरलेले आहे. नववीत गेलेल्या मुलाचे ताट मात्र बंद होते, नेमक्या त्या वयात जेव्हा भूक सर्वांत मोठी असते. गरोदर स्त्रीला आणि बाळंतपणानंतर सहा महिने मातेला अंगणवाडीतून आहार मिळतो. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. पहिल्या बाळंतपणासाठी ५,००० रुपये देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पूर्वी नवऱ्याचे आधार कार्ड मागत. २०२२ च्या नव्या नियमांत ही अट काढली गेली आणि एकट्या मातांना दार उघडले.

रोख मदतीच्या योजनांचे धागेही रेशनकार्डात गुंतलेले आहेत. विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. तिथे उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. जुलै २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा वेगळा दाखला लागत नाही. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन केंद्रात १० रुपयांत चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो, आणि तिथे कोणी कागद विचारत नाही.

तक्रार : अर्ज अडला, धान्य कमी दिले किंवा नाव विनाकारण कमी झाले, तर तालुक्यात तहसीलदाराकडे, मुंबईत शिधावाटप कार्यालयाकडे आणि १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यापुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. कलम ८ नुसार हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देणे सरकारवर बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि नाव कमी करण्यास सासरचे नकार देत असतील तर तसे अर्जातच नमूद करून तहसीलदारांनी स्वतःच्या अधिकारात नाव वेगळे करावे अशी मागणी करावी.