अक्षहृदय ते अर्धी हूल : अपूर्ण डाव आक्रमकपणे खेळण्याच्या विचाराचा इतिहास

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील गोंडपिपरीच्या जंगलात साग, तेंदू व मोह यांच्या जोडीने बेहडा आढळतो. त्याचे फळ आज त्रिफळा चूर्णासाठी परिचित आहे. परंतु वैदिक काळी हेच फळ द्यूतातील फासा होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात बेहड्याच्या फाशांनी उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याचे चित्र आहे. ऑनलाइन पोकरमधील एका डावपेचाचा इतिहास या फळापासून सुरू करणे अनेकांना विक्षिप्त वाटेल. तथापि जुगारात मोजणीचे स्थान काय, या प्रश्नाचे भारतीय परंपरेतील एक प्राचीन उत्तर याच वृक्षाखाली मिळते, आणि तेही विदर्भाच्या वाटेवर.

नलाची मोजणी

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे जाताना ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने व फळे केवळ दृष्टीने मोजून सांगतो. नल रथ थांबवून पडताळा घेतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, मिळवतो. संभाव्यताशास्त्राचे इतिहासकार इयान हॅकिंग यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात या कथेची दखल घेतली आहे. पुढे नल सर्वस्व पणाला लावून पुष्कराला हरवतो. येथे पुष्कर आनंदाने खेळायला बसतो, माघार घेत नाही. नलाचा विजय निव्वळ ज्ञानाचा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या मनातील भीतीला त्यात स्थान नाही.

भीतीचे गणित

भीतीला गणितात स्थान मिळाले ते पोकरमध्ये. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास रंगणाऱ्या तीन पत्तीत सर्व पाने आरंभीच वाटली जातात. डाव असतो तो असतोच. तेथे ‘ब्लाइंड’ खेळून समोरच्याला ‘पॅक’ करायला लावता येते, पण डाव सुधारण्याची आशा नसते. टेक्सास होल्डेम या पोकर प्रकारात पाच सामाईक पाने टप्प्याटप्प्याने उघडतात, त्यामुळे ‘अपूर्ण डाव’ ही अवस्था निर्माण होते. पहिली तीन पाने उघडल्यावर एखाद्याकडे इस्पिकची चार पाने झाली, तर न दिसलेल्या 47 पानांपैकी 9 पाने त्याचा रंग पूर्ण करतात. उरलेल्या दोन संधींत असे पान येण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते.

अमेरिकन लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या अवस्थेतील चढाईला ‘सेमी-ब्लफ’ हे नाव रूढ केले. मराठीत त्यास ‘अर्धी हूल’ म्हणता येईल. समजा, मध्यभागी 1000 रुपये आहेत आणि अशा खेळाडूने आपले उरलेले 1000 लावले. प्रतिस्पर्ध्याने दहापैकी चार वेळा डाव सोडला, तर सरासरी प्राप्ती सुमारे 430 रुपये होते. कोणीही पुढे पैसे न लावता पाने उघडू दिली, तर ती 350 राहते. मात्र प्रतिस्पर्धी कधीच माघार घेत नसेल, तर हीच चढाई केवळ 50 रुपये देते. याचा अर्थ, नफा पानांपेक्षा समोरच्याच्या माघारीत अधिक आहे. निम्म्या अभ्यासकांना ही गोष्ट खेळून कळते, उरलेल्यांना हरून.

1998 मध्ये इंटरनेटवर पैशाचे पोकर सुरू झाले. प्रत्येक डावाची नोंद संगणकात राहू लागल्याने प्रतिस्पर्धी किती वेळा माघार घेतो, हे अंदाजाऐवजी आकड्यांनी कळू लागले. 2003 मध्ये टेनेसीचा लेखापाल ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला. अखेरच्या लढतीत सॅम फारहाविरुद्ध त्याच्याकडे रंग आणि क्रम असे दोन्ही अपूर्ण डाव होते. चौथ्या पानावर त्याने रक्कम वाढवली. पाचवे पान निरुपयोगी निघाले, तरी त्याने सर्वस्व लावले. हाती नव्वीची जोडी असलेल्या फारहाने डाव सोडला. 839 स्पर्धकांत मनीमेकर विजयी ठरला आणि 25 लाख डॉलर्स घेऊन गेला.

कायद्याची दृष्टी

आता प्रश्न असा, की ही चढाई कौशल्य की दैव? 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्याची व्याप्ती मध्य प्रांतापर्यंत होती आणि गोंडपिपरी ज्यात होते तो चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. या कायद्याने, तसेच 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने, केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविले, कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. तीन पत्तीसारख्या खेळाहून ती वेगळी असल्याचेही नमूद केले. पोकर या दोहोंच्या मधोमध अडकला. 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यास जुगार मानले. या निर्णयात हूल देणे हे खेळाडूच्या बाजूने पुरेसे ठरले नाही, हे विशेष होय. वरील आकडेमोड पाहता हा निष्कर्ष अपुरा वाटतो. परंतु हेही खरे की, कौशल्याचा तो नफा दुसऱ्या एखाद्याच्या खिशातूनच येतो.

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवरील बंदीसाठी कौशल्य आणि दैव हा भेदच गैरलागू ठरविला. त्याच महिन्यात देशातील प्रमुख पोकर संकेतस्थळांनी पैशाचे डाव थांबविले.