टायटिन

टायटिन हे हृदयाच्या तसेच हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या पेशींमध्ये आढळणारे एक स्थितिस्थापक रचनात्मक प्रथिन आहे. मानवी शरीरातील ज्ञात प्रथिनांमध्ये ते आकाराने सर्वांत मोठे असून, स्नायूंतील प्रमाणाच्या दृष्टीने मायोसिन व अ‍ॅक्टिन यांच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो. हृदयपेशीचा ताठरपणा आणि लवचीकपणा बऱ्याच अंशी या प्रथिनावर अवलंबून असतो. टायटिन प्रमाणाबाहेर ताठर झाले किंवा सदोष जनुकामुळे ते अपुरे पडले, तर हृदयाची कार्यक्षमता घटू शकते. या अवस्थेस वैद्यकीय व्यवहारात हार्ट फेल्युअर असे म्हणतात.

शोध आणि नाव

अ‍ॅक्टिन व मायोसिन यांचे तंतू एकमेकांवरून सरकल्यामुळे स्नायू आकुंचन पावतो, हा सिद्धान्त १९५४ मध्ये मांडला गेला. मात्र शिथिल स्नायू ताणला असता तो प्रतिकार का करतो व पूर्ववत का होतो, याचे पूर्ण स्पष्टीकरण या दोन तंतूंवरून मिळत नव्हते. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ कोशाक मारुयामा यांनी १९७७ मध्ये स्नायूतील एका स्थितिस्थापक प्रथिनाचे वर्णन करून त्यास ‘कनेक्टिन’ असे नाव दिले. १९७९ मध्ये कुआन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टायटिन’ या नावाने एका महाकाय प्रथिनाची नोंद केली. ग्रीक पुराणकथांतील टायटन या महाकाय देवांवरून हे नाव घेतलेले आहे. कनेक्टिन व टायटिन एकच असल्याचे पुढे स्पष्ट झाले. झीगफ्रीड लाबाइट व बेर्नहार्ड कोलमेरर यांनी १९९५ मध्ये त्याची अमिनो आम्लांची क्रमवारी प्रसिद्ध केली.

रचना

स्नायूच्या आकुंचनाच्या मूलभूत एककास सार्कोमिअर म्हणतात. हृदयपेशीत त्याची लांबी साधारणपणे २ मायक्रोमीटर असते. टायटिनचा एकच रेणू सार्कोमिअरच्या टोकाकडील झेड चकतीपासून मध्यावरील एम रेषेपर्यंत, म्हणजे सार्कोमिअरच्या निम्म्या लांबीत पसरलेला असतो. त्यात प्रकारानुसार सुमारे २७,००० ते ३५,००० अमिनो आम्ले असतात. मायोसिनला चिकटलेला त्याचा भाग फारसा ताणला जात नाही. झेड चकतीलगतचा भाग मात्र स्प्रिंगप्रमाणे लांबतो व आखडतो. टायटिनचे जनुक टीटीएन या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. ते दुसऱ्या गुणसूत्रावर असते.

हृदयातील कार्य

निलयात रक्त भरू लागले की हृदयपेशी ताणल्या जातात. त्या वेळी टायटिन ताणास विरोध करते व सार्कोमिअर अवाजवी लांबू देत नाही. आकुंचनाच्या अखेरीस ते पेशीला पुन्हा मूळ लांबीकडे ढकलते; त्यामुळे पुढील ठोक्यासाठी रक्त भरण्यास मदत होते. मायोसिनचे तंतू सार्कोमिअरच्या मध्यभागी राखण्याचे कामही ते करते.

प्रौढ हृदयात टायटिनचे दोन मुख्य प्रकार असतात : आखूड व ताठर एन२बी आणि लांब व लवचीक एन२बीए. गर्भावस्थेत लवचीक प्रकारांचे प्रमाण अधिक असते. जन्मानंतर ताठर प्रकाराचे प्रमाण वाढते. याशिवाय स्प्रिंगसारख्या भागातील ठरावीक ठिकाणी फॉस्फेट जोडून पेशी टायटिनचा ताठरपणा थोड्या वेळात बदलू शकते.

हृदयाच्या अकार्यक्षमतेशी संबंध

काही रुग्णांत हृदयाचे आकुंचन समाधानकारक असते, परंतु निलय पुरेसे सैल होत नाही व त्यात रक्त नीट भरत नाही. उच्च रक्तदाब, स्थूलता व मधुमेह असलेल्यांमध्ये हा प्रकार अधिक आढळतो. अशा हृदयांत टायटिनवरील फॉस्फेटचे प्रमाण बदलून ते ताठर झाल्याचे दिसून आले आहे. पेशींबाहेर वाढलेले कोलॅजनही या ताठरपणात भर घालते.

विस्फारित हृदयस्नायुविकारात याउलट निलय मोठे व पातळ होऊन आकुंचन दुर्बल होते. टायटिनची साखळी अर्धवट तोडणारी उत्परिवर्तने या विकाराचे सर्वाधिक आढळणारे आनुवंशिक कारण होय. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हा विकार कुटुंबात चालत आलेल्या सुमारे २५ टक्के रुग्णांमध्ये ती आढळली.

आनुवंशिकता आणि तपासणी

असे उत्परिवर्तन आईवडिलांपैकी एकात असल्यास प्रत्येक अपत्यात ते येण्याची शक्यता ५० टक्के असते. तथापि उत्परिवर्तन म्हणजे आजार नव्हे. ते असलेल्या अनेक व्यक्तींचे हृदय आयुष्यभर व्यवस्थित काम करते. ते जनुकाच्या कोणत्या भागात आहे, यावर धोका बराचसा अवलंबून असतो. अतिमद्यपान, गर्भारपण व कर्करोगावरील काही औषधे यांचा हृदयावर ताण पडून सुप्त दोष प्रकट होऊ शकतो. म्हणून रुग्णात हा दोष सापडल्यास त्याच्या आईवडील, भावंडे व मुले यांना आनुवंशिकी समुपदेशन, जनुकीय चाचणी आणि आवश्यकतेनुसार ठरावीक काळाने हृदयाची सोनोग्राफी करण्याचा सल्ला दिला जातो. लक्षणे दिसण्यापूर्वी बिघाड लक्षात आल्यास उपचार लवकर सुरू करता येतात. या गटातील बऱ्याच रुग्णांमध्ये नेहमीच्या औषधांनी हृदयाची आकुंचनक्षमता सुधारते. मात्र सुधारणेनंतरही औषधे व तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते.