परवडणाऱ्या सायकलीचा हिशेब

केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या नोकराला महागाई भत्ता धरून महिना ८० रुपये मिळावेत, अशी शिफारस दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ मध्ये केली. त्या सुमारास नवी काळी सायकल दीडशे-दोनशे रुपयांच्या घरात होती. म्हणजे शिपायाने दोन महिने पोटाला चिमटा घेतला, तरी ती हातात पडेलच असे नव्हते. सातव्या वेतन आयोगाने त्याच पायरीचे मूळ वेतन २०१६ पासून १८ हजार रुपये केले. आज सपाट हँडलची, बारीक चाकांची, गिअर असलेली साधी हायब्रिड सायकल दहा ते वीस हजारांत येते आणि काळी सायकल त्याहून पुष्कळ स्वस्तात. नुसत्या पगाराच्या मापाने मोजले तर सायकल आज जेवढी स्वस्त आहे तेवढी ती कधीच नव्हती. तरीही ‘सायकलींचे शहर’ ही पदवी पुण्याला मिळाली ती त्या महाग सायकलीच्या जमान्यात, आणि ती गेली सायकल स्वस्त होत असताना. किंमत हेच परवडण्याचे कारण असते, तर हे उलटे घडायला हवे होते. माझे म्हणणे असे की पुण्यात सायकल परवडली ती कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानामुळे. आजची स्वस्त हायब्रिड घराघरांतल्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी दिसते, त्यालाही ते दुकान नसणेच मुख्यतः कारणीभूत आहे.

काळी सायकल मुळात आपली नव्हे. कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये दोन जवळजवळ सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आणली, १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर दिला, आणि या दोन गोष्टींनी सायकलचे रूप जवळजवळ कायमचे ठरले. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स, हंबर ही नावे जहाजातून मुंबईला उतरली आणि छावणीतल्या गोऱ्यांकडून वकील-डॉक्टरांकडे, तिथून कारकुनांकडे सरकली. १९३० नंतर स्वस्त जपानी माल आला, महायुद्धात आयात आटली, आणि स्वातंत्र्यानंतर आयातीवरच्या निर्बंधांनी देशी कारखान्यांना वाव दिला. वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासेत टीआय सायकल्स, सोनीपतला अ‍ॅटलस. पाकिस्तानातल्या कमालियाहून आलेल्या मुंजाळ बंधूंनी लुधियान्यात आधी सुट्या भागांचा धंदा केला आणि १९५६ मध्ये ‘हिरो’ काढली. तीस वर्षांत ती जगातली सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनेस बुकात गेली. या सगळ्या इतिहासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट कारखान्यांच्या नावांत नाही. नाव कोणतेही असो, सायकल एकच होती: बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम, अठ्ठावीस बाय दीडचे टायर, सळईचे ब्रेक. रॅलेची ट्यूब अ‍ॅटलसला बसे, हिरोचे छर्रे हर्क्युलिसला चालत. दुकानदाराला चार खोक्यांत सगळ्या शहराचे सामान ठेवता येत असे. सायकल स्वस्त नव्हती, पण ती चालू ठेवणे स्वस्त होते, आणि वीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत खरेदीच्या किमतीपेक्षा हेच अधिक मोलाचे असते.

आता त्या दुकानाकडे वळू. पेठांमध्ये आणि पेठांबाहेरच्या प्रत्येक वस्तीत असे दुकान असे. पुढे पाण्याची पाटी आणि पंप, आत भिंतीला टांगलेली रिमे, आणि फुटपाथला लावून ठेवलेल्या, मडगार्डवर पांढऱ्या रंगात आकडे घातलेल्या भाड्याच्या सायकली. वहीत नाव आणि वेळ लिहिली जाई आणि तासावर पैसे घेतले जात. त्याच दुकानात पंक्चर निघे, चाकाची आऊट निघे, पावसाळ्यानंतर ओव्हरऑइलिंग होई, आणि जुनी सायकल घ्यायची-द्यायची असली तर गिऱ्हाईकही तिथेच सापडे. भाडे, दुरुस्ती, जुन्या मालाचा बाजार आणि शिकवणीवर्ग अशी चार कामे एकाच माणसाच्या अंगावर होती. यातले शिकवणीचे काम कोणी मोजत नाही, पण माझ्या मते तेच सर्वांत मोठे. खरेदी आणि पहिली स्वारी या दोन गोष्टी त्या दुकानाने एकमेकींपासून वेगळ्या केल्या. पोरगे आधी लहान सायकल तासावर घेई, कोणीतरी कॅरिअर धरून मागे पळे, मग मोठ्या सायकलवर नळीखालून पाय घालून अर्धे पायडल, मग नळीवरून, आणि सीटवर बसायची पाळी सगळ्यांत शेवटी. गुडघे फुटत ते दुकानदाराच्या सायकलवर. घरची सायकल येई तेव्हा घरातले सगळे आधीच शिकलेले असत, तिची चेन कशी बसवायची आणि वॉल ट्यूब कशी बदलायची हेही त्यांना ठाऊक असे. दोन पगारांचा खर्च हा अंधारातला सौदा राहत नसे. ज्याला दोन पगार जमवता येत नसत, त्यालाही सायकल मिळे, मालकीची नव्हे, तासाची. सायकली सायकलवाल्यांपुरत्या मर्यादित न राहता अख्ख्या शहराच्या झाल्या त्या अशा.

हे चित्र गोड करून सांगितल्याचा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. दुकानदार ओळखीशिवाय सायकल देत नसे. ‘कुणाचा तू?’ या प्रश्नाला पटेल असे उत्तर नसणाऱ्याला परत जावे लागे, आणि कोणाचे उत्तर पटायचे हे वस्तीच्या उतरंडीवर ठरे. मोडतोडीचे पैसे तो मनाला येतील तेवढे लावी. मुलींच्या वाट्याला ही सोय मुलांच्या मानाने उशिरा आणि कमी आली. पुण्यात शाळा-कॉलेजच्या मुली सायकलवर दिसत याचे बाहेरगावच्या माणसांना नवल वाटे, हे खरे, पण घरून परवानगी मिळालेल्या मुलींचेच ते दृश्य होते. सरकारी जाचही होता. नगरपालिकेचा कर आणि दरवर्षीचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलीस, डबलसीट दिसली की पोलीस. पण हे सगळे दोष मान्य केले तरी मुद्दा ढळत नाही. यातले दुकानाचे दोष वागण्याचे आहेत, आणि ते वागणे सुधारता आले असते. आपण दुकान सुधारले नाही, त्याची गरजच संपली असे धरून चाललो.

गरज संपली ती पैसा आला म्हणून, असे बहुतेक जण म्हणतात. १९७२ मध्ये पुण्याच्याच कायनेटिकने ‘लूना’ आणली. तिला पायडल होते. सायकल चालवणाऱ्याला नवे काही शिकावेच लागू नये, अशी ती गाडी होती. बजाजच्या स्कूटरसाठी तर लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. ज्याला जमले तो सायकलवरून उतरला, मग यात दुकानाचा काय संबंध? या युक्तिवादातला कच्चा दुवा असा की तो फक्त आपल्याकडेच लागू पडतो. नेदरलँड्समध्ये माणशी एकाहून जास्त सायकली आहेत, जपानमध्ये आया मुलांना पुढे-मागे बसवून शाळेत सोडतात, आणि हे दोन्ही देश आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आहेत. लूना आली त्याच सुमारास डच रस्त्यांवर मोटारींखाली मुले मरतात म्हणून आईबाप रस्त्यावर उतरले होते, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथल्या शहरांनी रस्ते सायकलला परत द्यायला सुरुवात केली. पैसा आल्यावर सायकल सोडायची की ठेवायची, हे शहर ठरवते.

दुसरे कारण अंतराचे, आणि ते मी अधिक वजनदार मानतो. १९५१ मध्ये पुण्याची वस्ती पाच लाखांच्या आत होती. पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जाणे हा अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास होता आणि पाळी सुटल्यावर सायकलींचा लोंढा परते. २०११ मध्ये वस्ती ३१ लाखांवर गेली, २०२१ मध्ये तेवीस गावे आणखी आत घेतल्यावर महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे सरकली. कोंढव्यातून हिंजवडीला रोज सायकलने जा, असे सांगणाऱ्याने आधी स्वतः जाऊन दाखवावे. त्यात रस्त्यावरची भीती वेगळीच. २००६ नंतर बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गांच्या, कडेने जे सायकलमार्ग झाले, ते कुठे टपरीपाशी तर कुठे खांबापाशी संपतात. तरीही अंतराचे कारण अर्धेच आहे. नोकरी लांब गेली, पण मंडई, शाळा, क्लास, बँक, दवाखाना फारसे लांब गेले नाहीत. त्या दोन-तीन किलोमीटरांसाठीही सायकल निघत नाही, याचा उलगडा अंतराने होत नाही.

तो व्हायचा तर हायब्रिडकडे पाहावे लागते. १९८० नंतर बीएसएच्या ‘एसएलआर’सारख्या हलक्या सायकली, मग ‘रेंजर’सारख्या जाड टायरच्या आल्या आणि सायकल हळूहळू मुलांची वस्तू झाली. दहावीला मिळायची, गाडीचे लायसन्स आले की जिन्याखाली जायची. मोठ्या माणसांनी पुन्हा सायकल घ्यावी यासाठी बाजारात जी आली, ती हायब्रिड. डोंगरी सायकलचे सपाट हँडल आणि शर्यतीच्या सायकलचे मोठे, बारीक चाक यांचा हा संकर. २००५ नंतर नव्या कंपन्या आल्या, परदेशी दालने उघडली, आणि गिअरची हलकी सायकल मध्यमवर्गाच्या टप्प्यात आली. वस्तू म्हणून ती चांगलीच आहे. काळ्या सायकलपेक्षा हलकी, चढावर दमवत नाही, पाठ अवघडत नाही. पण तिच्या चाकाकडे पाहा. काळ्या सायकलचे रिम टायर बसतो त्या कडेला ६३५ मिलिमीटर व्यासाचे, हायब्रिडचे ६२२. बोलीत दोन्ही ‘अठ्ठावीस इंची’. तेरा मिलिमीटरांचा फरक, आणि कोपऱ्यावर जो एखादा पंक्चरवाला उरला आहे त्याच्याकडचा टायर तिला बसत नाही. सळईच्या ब्रेकच्या जागी तार, पान्याने आवळायच्या ठिकाणी षट्कोनी चावी. यातले काहीही अवघड नाही, एका दुपारी शिकता येते. पण शिकण्याइतकी गिऱ्हाइके त्याच्याकडे येत नाहीत, आणि त्याला येत नाही म्हणून गिऱ्हाईक दहा किलोमीटरवरच्या दालनात सायकल गाडीत घालून नेते किंवा नेतच नाही. सायकली जिन्याखाली जातात त्या बहुधा चाळिशीतल्या आळसाने नव्हे, एका पंक्चरने.

पहिल्या स्वारीचेही तेच. पूर्वी ती खरेदीच्या आधी होई, आता नंतर होते. दालनाच्या आवारात दोन चकरा मारून घेतलेली सायकल घरी येते आणि मग कळते की फ्रेम एक माप मोठी आहे, की सीट इतकी खाली ठेवली आहे की गुडघे बोलू लागतात. काळ्या सायकलच्या सवयीने दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट लावणारा माणूस हायब्रिडवर आठवड्यात कंटाळतो. पायडल तळाला असताना पाय जेमतेम वाकलेला राहील एवढी सीट वर हवी, आणि चढाच्या आधी गिअर हलका करायला हवा. हे सांगायला दोन वाक्ये लागतात. पण ती सांगणारा, आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारल्यावर कंटाळा न करता पुन्हा सांगणारा, जवळपास कोणी नाही.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की भाड्याची सायकल आपण पुन्हा करून पाहिली आणि ती फसली. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठ आणि औंध परिसरात मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या सायकली आल्या, पुढच्या वर्षी चिनी कंपन्याही उतरल्या, आणि पाहता पाहता सगळे आवरले गेले. गटारात टाकलेल्या, सीट पळवलेल्या सायकलींवरून पुणेकरांच्या नागरिकत्वावर बरेच लिहून झाले. मला यात पुणेकरांचा दोष कमी दिसतो. त्या सायकलींना मालक होता, पण तो रस्त्यावर कुठेच नव्हता. ब्रेक सैल झाला तर सांगायचे कोणाला, शिकणाऱ्या पोराला लहान माप मागायचे कोणाकडे, हे ठरलेले नव्हते, आणि कोपऱ्यावरच्या कारागिराला तिला हात लावायची मुभाच नव्हती. भाड्याच्या दुकानातले भाडे तेवढे उचलले आणि दुकान सोडून दिले. ही योजना फसली म्हणून जुनी पद्धत कालबाह्य ठरत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. चांगलेच झाले, पंधरा हजारांच्या सायकलमागे हजारभर रुपये वाचतील. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, तेही उत्तमच. पण दोन्हीकडे पैसा खरेदीच्या क्षणावर खर्च होतो, आणि सायकल सुटते ती त्यानंतर. महापालिकांनी सायकलमार्गांच्या आराखड्यांबरोबर प्रत्येक प्रभागात दुरुस्ती करणाऱ्याला नाममात्र भाड्याने आठ बाय आठची जागा द्यावी, आयटीआयने गिअर आणि तारेच्या ब्रेकचा चार दिवसांचा वर्ग घ्यावा, आणि विकणाऱ्या कंपन्यांनी ६२२ च्या ट्यूब-टायरचा साठा त्या माणसाकडे ठेवावा. आणि हायब्रिड घ्यायला निघालेल्या वाचकाने दालनात जाण्याआधी आपल्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याला गाठून विचारावे: या मापाची ट्यूब ठेवाल का? तो हो म्हणाला तर खुशाल घ्या.