घानाच्या शाळांतील पाहुणे शिक्षक

दि. ३० ऑगस्ट १९६१ रोजी अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या सेवासंस्थेची पन्नासएक तरुण शिक्षकांची तुकडी घानाची राजधानी अक्रा येथे विमानातून उतरली आणि विमानतळावरच तिने ट्वी भाषेतील एक गीत सर्वांसमक्ष म्हटले, हा प्रसंग त्या संस्थेच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. तो अभिमान रास्तच आहे. स्वतःचा मुलूख सोडून, दोन वर्षांच्या मुदतीने, केवळ उदरनिर्वाहापुरत्या तनख्यावर अपरिचितांच्या मुलांना शिकविण्यास जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु ज्या शाळांत हे पाहुणे रुजू झाले त्या कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांना बोलावणे कोणी धाडले, हे विचारल्यावाचून या इतिहासाचे पहिले पानच कोरे राहते, असे माझे ठाम मत आहे.

परदेशस्थ शिक्षक त्या भूमीला नवे नव्हते. ज्याच्या मंगळूरच्या कारखान्यामुळे मंगळुरी कौले आपल्या कोकणातील घराघरांवर चढली, त्याच बासेल मिशनने १८४३ साली आक्रोपाँगच्या डोंगरावर शाळा घातली. आणि त्या वर्षी मिशनऱ्यांच्या समवेत वेस्ट इंडीज बेटांतून जी कृष्णवर्णीय मंडळी आली, त्यांच्या पूर्वजांना एके काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेण्यात आले होते. त्याच सुमारास आलेल्या कॅथरीन मलग्रेव्ह यांना तर बालपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी अंगोलातून पळविले होते, आणि जमैकाला लहानाच्या मोठ्या होऊन त्याच खंडात परतलेल्या या स्त्रीने समुद्रकाठच्या ख्रिश्चनबोर्गला मुलींना शिकविण्याचे कार्य आरंभिले. परदेशी शिक्षकाच्या इतिहासात याहून हृदयस्पर्शी आगमन मला तरी ठाऊक नाही.

शाळांच्या पैशाची हकीकत मात्र रानात सुरू होते. १८७९ साली टेट्टे क्वार्शी नावाच्या एका कारागिराने फर्नांडो पो बेटावरून कोकोचे बियाणे आणून आपल्या मळ्यात लावले, आणि अर्धशतकाच्या आत तो प्रदेश जगातील सर्वांत मोठा कोकोउत्पादक झाला. हे पीक कष्टाचे. पिकलेले फळ कोयत्याने खोडावरून अलगद उतरवायचे, फोडून पांढऱ्या गरात लडबडलेल्या बिया काढायच्या, केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस त्यांचा ढीग आंबत ठेवायचा, मधूनमधून वरखाली करायचा, आणि मग उंच मांडवावरील चटयांवर पसरून, पाऊस दिसताच झाकीत, कडकडीत वाळवायच्या. १९४७ मध्ये स्थापन झालेले कोको खरेदी मंडळ हा माल ठरीव भावाने घेई. जगाच्या बाजारातील चढ्या भावाचा बराचसा नफा शेतकऱ्याच्या हाती न पडता मंडळाच्या खजिन्यात साचे. स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९५७ नंतर, क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने याच मंडळाच्या पैशातून एक शैक्षणिक निधी स्थापून ठिकठिकाणी माध्यमिक शाळा उभारल्या. सरकारने हे कार्य केले खरे, परंतु या शाळांचा खरा देणगीदार तो शेतकरीच होता.

१९५२ पासून प्राथमिक शाळांची फी माफ झाली होती, मुलांची संख्या वेगाने वाढली होती, आणि पुढील वर्गांना गणित व विज्ञान शिकविण्याजोगे पदवीधर देशात पुरेसे नव्हते. एन्क्रुमांनी शिक्षक मागविले ते या निकडीपोटी. बर्कलीच्या विद्यापीठात तालीम घेऊन आलेले तरुण शाळेच्याच आवारातील शिक्षकनिवासात राहू लागले. वर्गात पाऊल टाकताच विद्यार्थी उभे राहत. परंतु अभ्यासक्रमाच्या हद्दीबाहेर शिक्षक रमला की तेच विद्यार्थी, हा भाग परीक्षेला आहे काय, असे विचारीत. पश्चिम आफ्रिकेच्या परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले तरच नोकरीची वा उच्च शिक्षणाची वाट खुली होणार, आणि त्या एका मुलाच्या फीपायी घरच्यांनी काय काय सोसले हे तो जाणून होता, म्हणून त्याच्या या आग्रहाला मी संकुचितपणा म्हणणार नाही.

पाहुण्याचे बोलणे यजमान किती बारकाईने पारखतो हे १९६१ च्याच ऑक्टोबरात नायजेरियात दिसून आले. इबादान येथे पीस कोअरच्या एका स्वयंसेविकेने तेथील राहणीविषयी कमीपणाच्या शब्दांत लिहिलेले उघडे पोस्टकार्ड विद्यार्थ्यांच्या हाती पडले, सभा भरल्या, निषेधाचे ठराव झाले, आणि तिला मायदेशी परतावे लागले. वसाहतीच्या अंमलातून नुकत्याच सुटलेल्या राष्ट्राचा तो संताप मला पूर्णपणे समजतो.

२४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथून टाकली; परदेशी शिक्षक त्यानंतरही येतच राहिले. पुढे १९७३ मध्ये घानाने स्वतःची राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली, आणि तेव्हापासून विद्यापीठातून बाहेर पडणारे तेथील तरुण ठराविक मुदतीसाठी नेमून दिलेल्या कामावर जातात. त्यांतील कितीएक, आपले गाव सोडून, भाषाही निराळी अशा दूरच्या खेड्यातील शाळेत शिक्षक म्हणून हजर होतात.