राजधानी परिसरातील तीन क्रीडा विद्यापीठे : पदवी, पदक आणि नोकरीचे गणित

नवी दिल्ली : दिल्लीच्या पश्चिम टोकाला मुंडका, हरयाणातील सोनीपत जिल्ह्यात राई आणि उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्यात सरधना. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील ही तीन ठिकाणे दिल्लीपासून सुमारे शंभर किलोमीटरच्या आत आहेत आणि तिन्ही ठिकाणांशी एकेका क्रीडा विद्यापीठाचे नाव जोडले गेले आहे. दिल्लीचा कायदा २०१९ चा, हरयाणा आणि उत्तर प्रदेशचे २०२१ चे. तीन राज्यांनी दोन-तीन वर्षांच्या अंतराने, एकमेकांच्या शेजारी, जवळपास एकाच हेतूने ही विद्यापीठे स्थापन केली. विद्यार्थिसंख्येच्या दृष्टीने ती लहान आहेत आणि लहानच राहणार आहेत. मेरठच्या विद्यापीठाची नियोजित क्षमता ५४० महिला आणि ५४० पुरुष अशी एकूण १,०८० खेळाडूंची आहे. पुण्यामुंबईतील एखाद्या मध्यम महाविद्यालयातही याहून अधिक विद्यार्थी असतात.

या विद्यापीठांमागचे कारण दिल्ली सरकारने २०१९ मध्येच मांडले होते. खेळात वर्षे घालवणाऱ्या तरुणांचे पदवीचे शिक्षण अर्धवट राहते आणि नंतर पदवी नाही म्हणून त्यांना नोकरीच्या दारातूनच परत फिरावे लागते. तेव्हा क्रिकेट, फुटबॉल, हॉकी खेळणाऱ्याला त्या खेळातच पदवी मिळावी आणि ती अन्य पदव्यांच्या तोडीची धरली जावी, अशी ती कल्पना होती. मुलगा तालमीत रमला की ‘शिक्षणाचे काय?’ हा प्रश्न कोल्हापूर-साताऱ्याच्या घरांतही विचारला जातो. म्हणून ही विद्यापीठे नेमके काय देतात आणि काय देऊ शकत नाहीत, हे तपशिलाने पाहणे उपयोगाचे आहे.

नियमित विद्यापीठांत खेळाडूची कुचंबणा कशी होते, याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण दिल्लीचेच आहे. २६ ऑगस्ट २०१२ रोजी ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताचा कर्णधार उन्मुक्त चंद याने नाबाद १११ धावा करून संघाला विजेतेपद मिळवून दिले. तो सेंट स्टीफन्स महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. मायदेशी परतताच त्याच्यासमोर प्रश्न उभा राहिला तो दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळणार की नाही, याचा. कारण वर्गातील उपस्थिती आवश्यकतेपेक्षा फारच कमी भरली होती. महाविद्यालयाने नियमावर बोट ठेवले, केंद्रीय मंत्र्यांपासून महेंद्रसिंह धोनीपर्यंत अनेकांनी मत नोंदवले आणि अखेर दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या हस्तक्षेपाने मार्ग निघाला. विश्वचषक जिंकणाऱ्या कर्णधाराला हा मार्ग मिळाला. जिल्हा पातळीवर धावणाऱ्या मुलीसाठी कुलगुरू हस्तक्षेप करतील, अशी अपेक्षा कोणीही धरणार नाही.

दिल्ली विद्यापीठातील प्रवेशाची व्यवस्था मात्र जुनी आणि बऱ्यापैकी पक्की आहे. क्रीडा आणि अभ्यासेतर उपक्रम मिळून एकूण जागांच्या पाच टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा खेळाडू व कलावंतांना दिल्या जातात. २०२२ मध्ये सामायिक प्रवेश परीक्षा आल्यानंतर क्रीडा प्रवेशात परीक्षेच्या गुणांना २५ टक्के, तर प्रमाणपत्रे व मैदानावरील चाचणीला ७५ टक्के वजन ठरवण्यात आले. प्रवेश मिळतो, पुढची तीन-चार वर्षे सराव आणि तासिका यांचा मेळ ज्याचा त्याने घालायचा असतो. क्रीडा विद्यापीठाचे वेगळेपण इथे आहे. तेथे वेळापत्रकच सरावाभोवती आखता येते.

मुंडका : ऑलिंपिक पदकविजेतीकडे पहिली धुरा

दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूपदी जून २०२१ मध्ये कर्णम मल्लेश्वरी यांची नियुक्ती झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ६९ किलो वजनी गटात त्यांनी स्नॅचमध्ये ११० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३० असे २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. कुलगुरूपदावर प्राध्यापकाऐवजी खेळाडू, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट होती.

विद्यापीठाची रचनाही सरळ पदवीपासून सुरू होत नाही. त्याच्याशी जोडलेली दिल्ली क्रीडा शाळा सिव्हिल लाइन्समधील लडलो कॅसल येथे २०२२ मध्ये सहावीपासूनच्या मुलामुलींसाठी सुरू झाली. त्यासाठी विविध राज्यांत गुणवत्ता शोध शिबिरे घेण्यात आली. खेळ ठरले दहा, तेही सर्व ऑलिंपिकमधले : तिरंदाजी, अॅथलेटिक्स, बॅडमिंटन, मुष्टियुद्ध, टेनिस, नेमबाजी, जलतरण, टेबल टेनिस, वेटलिफ्टिंग आणि कुस्ती. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल यांपैकी एकही खेळ या यादीत नाही. वैयक्तिक खेळांत कमी खेळाडूंवर लक्ष केंद्रित करून पदक मिळवता येते, हा त्यामागचा हिशेब उघड आहे. मात्र २०१९ च्या घोषणेत ज्या खेळांची नावे घेतली गेली, तेच खेळ शाळेच्या यादीत नसावेत, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

सहावीतले मूल पदवीपर्यंत पोहोचण्यास दहा वर्षे लागतात. त्यामुळे या रचनेचे फळ २०३२ च्या आधी मोजण्यात अर्थ नाही.

राई : आधी शाळा, मग विद्यापीठ

राईला उलट क्रम घडला. तेथे १९७३ पासून मोतीलाल नेहरू क्रीडा विद्यालय ही हरयाणा सरकारची निवासी शाळा आहे. मैदाने, वसतिगृह, शिस्तीची परंपरा सर्व आधीपासून होते. विद्यापीठाची घोषणा झाली तेव्हा, २०१९ मध्ये, पहिले कुलपती म्हणून कपिल देव यांचे नाव पुढे आले होते; आजचे विद्यापीठ मात्र २०२१ च्या कायद्यावर उभे आहे. पहिले कुलगुरू म्हणून भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे माजी महासंचालक एस. एस. देसवाल यांची नेमणूक झाली.

सोनीपत जिल्ह्यात खेळाडूंची वाण नाही. जवळच बहालगढ येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणारा मल्ल रवी दहिया याच जिल्ह्यातील नाहरी गावचा. पण तो घडला दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये. त्याचे वडील गावाहून दूध-लोणी घेऊन तेथे येत असत. छत्रसालने सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, बजरंग पुनिया असे मल्ल दिले, आणि ते काही विद्यापीठ नव्हे. उत्तम प्रशिक्षक, सरावाला तोडीस तोड जोडीदार आणि सकस खुराक यांवर मल्ल उभा राहतो. पदवीचा त्याच्याशी संबंध पुढे, कुस्ती सुटल्यावर येतो.

सरधना : बॅटींच्या गावाजवळ

मेजर ध्यानचंद क्रीडा विद्यापीठाची पायाभरणी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २ जानेवारी २०२२ रोजी झाली. सलावा आणि कैली या गावांच्या परिसरातील या प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे ७०० कोटी रुपये सांगण्यात आला होता. मेरठ हे क्रीडासाहित्याचे शहर आहे. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागीर-व्यापाऱ्यांनी तेथे हा उद्योग रुजवला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूंच्या हातातील अनेक बॅटी आजही मेरठच्या असतात. क्रीडासाहित्याचे तंत्र, दर्जा चाचणी, व्यापार या विषयांचा अभ्यासक्रम कोठे शोभेल, तर तो येथे. शिवाय हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भालाफेकीत सुवर्णपदक मिळवणारी अन्नू राणी आणि ५,००० मीटर शर्यतीत सुवर्ण जिंकणारी पारुल चौधरी या दोघी मेरठ जिल्ह्यातल्याच. अन्नू राणीने सुरुवातीला उसाचे कांडे भाल्यासारखे फेकून सराव केल्याची हकिकत प्रसिद्ध आहे.

पदवीचा नेमका उपयोग

पालकांचा सर्वाधिक गोंधळ होतो तो पदव्यांच्या नावांनी. देशात कोणतीही पदवी द्यायची तर तिचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाने निर्दिष्ट केलेल्या यादीत असावे लागते. ‘कुस्तीतील पदवी’ असे भाषणात म्हणता येते. प्रमाणपत्रावर बहुधा शारीरिक शिक्षण, क्रीडा विज्ञान, क्रीडा प्रशिक्षण किंवा क्रीडा व्यवस्थापन असे नाव येते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल, तर बी.पी.एड. लागते. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत येतो आणि संस्थेला त्या परिषदेची मान्यता असावी लागते. बारावीनंतरची बी.पी.ई.एस. ही पदवी वेगळी. केवळ तिच्या आधारे शिक्षकाची नोकरी मिळेल, असे मानणे धोक्याचे. प्रशिक्षक व्हायचे असेल, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आजही सर्वाधिक मोलाची आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे नाव भरतीच्या जाहिरातींत हमखास आढळते. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, मान्यता देणारी संस्था आणि भरतीच्या अटी हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

नोकरीचा दुसरा मार्ग पदवीपेक्षा प्रमाणपत्रावरून जातो आणि लहान विद्यापीठाचे खरे बलस्थान तेथे आहे. केंद्र सरकारच्या कनिष्ठ श्रेणीतील पदांवर गुणवंत खेळाडूंची पाच टक्क्यांपर्यंत थेट भरती करता येते. त्यासाठी देशाचे किंवा राज्याचे प्रतिनिधित्व केलेले खेळाडू जसे पात्र ठरतात, तसेच आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाकडून खेळलेलेही ठरतात. प्राधान्यक्रमात आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि राष्ट्रीय स्पर्धेतील पदकविजेते यांच्यानंतर आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेल्यांचा क्रम लागतो. मार्च २०२४ मध्ये खेलो इंडिया स्पर्धांतील पदकविजेत्यांनाही या सवलतीच्या कक्षेत आणण्यात आले. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे.

शेकडो संलग्न महाविद्यालये असलेल्या विद्यापीठात संघात स्थान मिळवण्यासाठी आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविभागीय चाळण्यांतून जावे लागते. हजारभर विद्यार्थ्यांच्या क्रीडा विद्यापीठात ही वाट आखूड आहे. अर्थात तेथे शेजारच्या खोलीत राहणारा स्पर्धकही तितकाच तयारीचा असतो. संघ एकदा निवडला गेला की दोघांची शर्यत सारखीच. सांघिक खेळांत आधी विभागीय फेरी, आणि तेथील अव्वल संघांना अखिल भारतीय फेरी.

या स्पर्धांचे नियमन दिल्लीतील भारतीय विद्यापीठ संघ करतो. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून तो स्थापन झाला. क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक या परंपरेतील जुना मानकरी. मुंबई विद्यापीठाकडून अजित वाडेकर यांनी १९५८-५९ मध्ये ३२४ धावांची खेळी केली होती आणि पुढे सुनील गावसकर यांनी ३२७ धावा करून तो विक्रम मागे टाकला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. सर्वसाधारण विजेतेपदाच्या मौलाना आझाद करंडकावर अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने सर्वाधिक वेळा नाव कोरले. २०२४ चा करंडक मात्र चंदीगड विद्यापीठ या खासगी संस्थेने नेला आणि दुसरे स्थानही लव्हली प्रोफेशनल या खासगी विद्यापीठालाच मिळाले. शिष्यवृत्ती, खुराक आणि निवास देऊन गुणी खेळाडू आपल्याकडे ओढण्याची ताकद या संस्थांकडे आहे. सरकारी क्रीडा विद्यापीठांना स्पर्धा द्यावी लागणार ती त्यांच्याशी.

कागदपत्रांतली चूक खेळाडूला किती महाग पडू शकते, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. जर्मनीतील राइन-रूर जागतिक विद्यापीठ स्पर्धेत भारताच्या बॅडमिंटन संघाने मिश्र सांघिक कांस्य जिंकले. परंतु बारा खेळाडूंपैकी सहा जणांची नावे वेळेत व्यवस्थित सादर न झाल्याने त्यांना कोर्टवर उतरताच आले नाही. भारतीय विद्यापीठ संघाने चौकशी सुरू केली. दोन वर्षांपूर्वी चेंगडूमध्ये ११ सुवर्णांसह २६ पदके मिळवणारा भारत या वेळी १२ पदकांवर थांबला.

महाराष्ट्रात काय?

महाराष्ट्राने २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा केला. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल तयार असल्याने इमारतींचा प्रश्न सुटला. मात्र विद्यापीठ आधी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला व्हायचे होते, ही मराठवाड्याची नाराजी राहिली. तसे पाहता क्रीडाशिक्षणाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. कोलोनचे जर्मन क्रीडा विद्यापीठ १९४७ चे, बीजिंगचे १९५३ चे. अमरावतीचे मंडळ या दोहोंहून जुने.

आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नसलेल्या खाशाबा जाधवांसाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. मुंडका आणि राईचे मल्ल राष्ट्रीय निवड चाचणीसाठी उतरतात, तेव्हा अनेकदा मॅट तेथेच अंथरलेली असते.